आपण पंचहौदचे

वसईला एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. चर्च फुलांनी भरलेलं, गाणारी मंडळी सुरात, पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका ठेवणीतल्या लाल लुगड्यांत. कम्युनियनची, म्हणजे प्रसादाची भाकर घेण्याची, वेळ आली तेव्हा फादरांनी माइकवरून अगदी नम्रपणे सांगितलं की फक्त कॅथलिक भाविकांनीच पुढे यावं. आख्खा बाक उठला. मी गुडघे आक्रसून सगळ्यांना वाट करून दिली आणि पान न वाढलेल्या पाहुण्यासारखी बसून राहिले.

जेवणं झाल्यावर मैत्रिणीच्या आईने मला गाठलंच.

"तू बसून का राहिलीस गं? तुमच्याकडे पण वेदी आहे, फादर आहेत, धूपसुद्धा जाळतात म्हणाली होतीस."

"आम्ही पोपना मानत नाही ना मावशी."

"मग सरळ प्रोटेस्टंट म्हण की!"

"हो, तसंच म्हणा."

"पण प्रोटेस्टंटांचे फादर कुठे असतात? त्यांचे तर पास्टर. आणि तुमच्या फादरांना बायको आहे म्हणे?"

आइस्क्रीम आलं म्हणून सुटले. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न वसईपासून दादरपर्यंत माझ्याबरोबर उभ्याने आला. 'प्रोटेस्टंट म्हणा' असं मी म्हटलं खरं, पण म्हणताना जीभ अडखळली होती. 'कॅथलिक' म्हटलं असतं तरी अडखळली असती.

दर रविवारी आम्ही उभं राहून म्हणतो की आमचा 'एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय मंडळी'वर विश्वास आहे. हा 'सार्वत्रिक' म्हणजेच मूळचा 'कॅथलिक'. इंग्रजीतून उपासना करणाऱ्या अँग्लिकन, म्हणजे आमच्यासारख्याच इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, पोराला कधी ना कधी आईला विचारावंच लागतं, की आपण कॅथलिक नाही तर हे काय म्हणतोय? मराठी पोरावर ती वेळ येत नाही. भाषांतर करणाऱ्याने एका शब्दात अख्खं भांडण पोटात घातलं. त्याचे आभार मानावेत की त्याला जाब विचारावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे भांडण आमच्या घरात मात्र उघड चालायचं. आजी पुण्याच्या गुरुवार पेठेतली, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या छायेत वाढलेली. आजोबा नगरकडचे, अमेरिकन मिशनच्या मंडळीतले. आजी बाकात शिरण्याआधी गुडघा वाकवायची, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करायची, राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून भाजी आणायला जायची. आजोबांच्या देवळात मध्यभागी वेदी नव्हतीच. होतं ते उंच व्यासपीठ, त्यावर बायबल आणि समोर तास-सव्वा तास चालणारा उपदेश. "सगळी रोमी थेरं," आजोबा म्हणायचे. "तुमच्याकडे नुसती व्याख्यानं," आजी म्हणायची. आपण नक्की कोण, असं मी एकदा शाळेचा फॉर्म भरताना तिला विचारलं. कुकरची शिटी मोजता मोजता ती म्हणाली, "आपण पंचहौदचे." फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

आजीच्या या अँग्लिकन चर्चची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते: आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, पोप देईना, म्हणून त्याने स्वतःचं चर्च काढलं. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. याच हेन्रीने १५२१ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहून पोपकडून 'धर्मरक्षक' ही पदवी मिळवली होती. १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले, तरी पदवी काही परत केली नाही. ब्रिटिश नाण्यांवर राजाच्या नावापुढे तिची आद्याक्षरं आजही असतात. पोपला झुगारल्यानंतरही हेन्रीला लॅटिन मिस्सा हवी होती, धर्मगुरू अविवाहित हवे होते. १५३९ च्या कायद्याने त्याने दोन्ही पक्के केले. म्हणजे पोप वजा केला की जे उरतं ते. प्रोटेस्टंटपणा खऱ्या अर्थाने आला तो त्याच्या पोराच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात, आणि तोही आर्चबिशप क्रॅन्मरच्या लेखणीतून.

मला या सगळ्या इतिहासात राजांपेक्षा एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. खरं तर दोन वाक्यं.

क्रॅन्मरने १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक काढलं. त्यात कम्युनियनची भाकर देताना धर्मगुरू म्हणायचा, त्याचा मराठीत आशय असा: तुझ्यासाठी दिलेलं आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर तुझं शरीर आणि आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो. कट्टर सुधारकांना हे झोंबलं. हातात आहे ती भाकर, तिला सरळ शरीर म्हणायचं? मग १५५२ च्या पुस्तकातून ते वाक्य काढलं आणि दुसरं आलं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण म्हणून हे घे आणि खा, आणि विश्वासाने, आभार मानत, अंतःकरणात त्याच्यावर पोस. आता भाकर ही आठवण, आणि ख्रिस्त खाणाऱ्याच्या विश्वासात. पुढे मेरी राणी आली, चर्च पुन्हा रोमकडे गेलं, १५५६ मध्ये क्रॅन्मरला ऑक्सफर्डला जाळलं. मग एलिझाबेथ आली. तिच्यासमोर दोन्ही बाजू दात विचकून उभ्या होत्या. १५५९ च्या पुस्तकात दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून दिली गेली. मध्ये काही खुलासा नाही. आधी 'हे शरीर आहे', लगेच 'ही आठवण आहे'. घेणाऱ्याने हात पुढे करायचा, दोन्ही ऐकायचं आणि गिळायचं.

त्याच सुमाराला आणखी एक छोटा फेरफार झाला. 'रोमच्या बिशपच्या जुलमातून आणि त्याच्या किळसवाण्या अत्याचारांतून, हे प्रभू, आम्हाला सोडव' अशी एक विनवणी जुन्या प्रार्थनेत होती. एलिझाबेथच्या पुस्तकातून ती गुपचूप गळली. भांडकुदळ नातेवाईक लग्नाला येणार म्हटल्यावर भिंतीवरचा एखादा फोटो उतरवून ठेवतात, तसं.

याला इंग्रजांनी पुढे 'मधला मार्ग' म्हटलं, आणि आपल्याकडे त्याचं लगेच 'सुवर्णमध्य' होतं. मला तो शब्द या ठिकाणी आवडत नाही. मध्य काढायचा तर दोन्हीकडून थोडंथोडं सोडावं लागतं. इथे वाक्यं अर्धी कापलेली नाहीत, दोन्ही सबंध आहेत. शिवाय 'सुवर्ण' म्हणण्यासारखंही फार नव्हतं. रविवारी देवळात न येणाऱ्याला १२ पेन्स दंड, पुढे रोमन कॅथलिकांना त्याहून कितीतरी जबर दंड, त्यांचे धर्मगुरू फासावर. १६६२ मध्ये प्रार्थनापुस्तकाला पूर्ण संमती न देणाऱ्या सुमारे दोन हजार प्युरिटन, म्हणजे कट्टर सुधारक, पाळकांना त्याच्या आगेमागे घरदार सोडावं लागलं. दोन वाक्यं शेजारी नांदली, माणसं तितकी नांदली नाहीत.

कागदोपत्री पाहायचं तर हे चर्च प्रोटेस्टंटच. चर्चची अधिकृत मतं सांगणाऱ्या १५७१ च्या ३९ कलमांत रोमचं चर्च चुकलंय असं लिहिलंय, शुद्धिस्थानाची, म्हणजे मेल्यावर आत्मा जिथे शुद्ध होतो त्या जागेची, शिकवण ही पोकळ कल्पना असं लिहिलंय, आणि इंग्लंडात रोमच्या बिशपला काही अधिकार नाही असंही. ६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सने राज्याभिषेकात 'कायद्याने स्थापित प्रोटेस्टंट सुधारित धर्म' राखण्याची शपथ घेतली, ती मी टीव्हीवर पाहिली. आणि थोड्याच वेळाने त्याच्याभोवती पडदे लावून, जेरुसलेमला पवित्र केलेलं तेल त्याला लावलं गेलं, मध्ययुगातल्या कुठल्याही कॅथलिक राजाला लावत तसं. कायदा एक बोलत होता, अंग दुसरंच करत होतं. मला एकदम आजी-आजोबांच्या घरात बसल्यासारखं वाटलं.

आजीची ती धुपाची सवय मात्र एलिझाबेथच्या काळापासून अखंड आलेली नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ती एकोणिसाव्या शतकात मुद्दाम परत आणलेली गोष्ट आहे. १८३३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन कीबलच्या प्रवचनापासून एक चळवळ सुरू झाली. आपलं चर्च म्हणजे सरकारचं खातं नाही, ते प्रेषितांपासून बिशपांच्या परंपरेने चालत आलेलं कॅथलिक चर्च आहे, असं त्या लोकांचं म्हणणं. त्यांच्यातला सर्वांत हुशार माणूस, जॉन हेन्री न्यूमन, याने १८४१ मध्ये त्या ३९ कलमांचाच असा अर्थ लावून दाखवला की ती मूळ कॅथलिक श्रद्धेच्या नव्हे, तिच्या लोकरूढ विकृतीच्या विरोधात आहेत. वकिली म्हणून पाहिली तर लाजवाब. बिशप भडकले. चार वर्षांनी न्यूमन स्वतःच रोमन कॅथलिक झाला. मागे राहिलेल्यांनी वेदीवर मेणबत्त्या लावल्या, झगे घातले, धूप जाळला. यावर १८७४ मध्ये पार्लमेंटने चक्क कायदा केला, आणि तो न जुमानणारे काही धर्मगुरू तुरुंगात गेले.

याच वाऱ्याने १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात संन्यस्त धर्मगुरूंचा एक बंधुसंघ निघाला आणि काही वर्षांत तो मुंबई-पुण्यात पोचला. वाँटेज गावातल्या जोगिणी, म्हणजे तिथल्या सिस्टर्स, त्याही पुण्यात आल्या. पंचहौदचं देवालय १८८५ चं. आजीचा गुडघा वाकायचा तो या सगळ्यामुळे.

आणि इथे दोन मराठी माणसं येतात. त्यांच्यामुळे हा प्रश्न मला केवळ साहेबांचा घरगुती तंटा वाटत नाही.

पहिले नीलकंठशास्त्री गोरे. चित्पावन, जन्म १८२५ चा, झाशीकडचा, वाढले काशीत. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. बाप्तिस्मा दिला तो चर्चच्या कट्टर प्रोटेस्टंट अंगाच्या मिशनने. पुढे षड्दर्शनांवर हिंदीत ग्रंथ लिहिला. पण शंका हा त्यांचा जन्माचा रोग होता. माझ्या एकट्याच्या बुद्धीने बायबल वाचून मी जे ठरवीन ते खरं कशावरून? शास्त्री घराण्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. सूत्र आहे तिथे भाष्य लागतं, भाष्याला परंपरा लागते. ते हळूहळू प्राचीन धर्मसभांकडे, बिशपांच्या परंपरेकडे, आणि शेवटी काउलीच्या बंधूंकडे सरकले. अँग्लिकन चर्चमध्ये त्यांना कॅथलिक चर्च सापडलं, आणि ते मिळवायला रोमला जायची त्यांना गरज वाटली नाही. १८९५ मध्ये ते मुंबईत वारले.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. पुण्यात वाँटेजच्या सिस्टर्सशी ओळख झाली, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मो विचारांकडून ख्रिस्ताकडे वळण्यात गोरे यांच्या लेखनाचा मोठा हात होता, हे त्यांनी स्वतः मान्य केलंय. म्हणजे वाट दाखवली गोऱ्यांनी. पण आत शिरल्यावर रमाबाई उलट दिशेला चालू लागल्या. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तिघांत, या त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनला पत्रांतून असे प्रश्न विचारले की बिचारी घायकुतीला आली. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी संस्कृत काय वाईट आहे, असंही त्यांनी विचारलं. आणि १८८५ च्या एका पत्रात त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं तसलंच जू चढवून घ्यायला मी तयार नाही. इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं निघालं तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी नाक मुरडलं. या बाईंना बिशपांबद्दल फार प्रेम का वाटत नव्हतं, ते यावरून कळतं.

गोरे आणि रमाबाई एकाच चर्चमध्ये होते, एकच प्रार्थनापुस्तक वाचत होते, दोघांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत होतं. एकाने तिथे परंपरा शोधली, एकीने मोकळीक. मी अनेक वर्षं मनातल्या मनात कुणाची तरी बाजू घ्यायचा प्रयत्न केलाय. स्वभावाने मी रमाबाईंची आहे. पण गुडघे टेकले की गोऱ्यांची होते.

पुण्यात तर या चर्चवरून आणखीच वेगळा गोंधळ झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे शहरातली थोर मंडळी गेली आणि चहा प्यायली. मग ते गाजलेलं चहा ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्यावरून झालेला वाद, शंकराचार्यांपर्यंत गेलेलं प्रकरण, प्रायश्चित्तं. ज्यांच्या हातचा चहा प्यायल्याने पुण्याची जात बाटली, त्यांची स्वतःचीच जात सहाच वर्षांनी रोममध्ये तपासली गेली, हे मात्र पुण्यात फार कुणाला माहीत नसतं. १८९६ मध्ये पोप तेराव्या लिओने निकाल दिला की अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा पूर्णपणे रद्दबातल आहे. विधीतले शब्द अपुरे, हेतूही खोटा. म्हणजे काउलीचे फादर झगा घालोत, धूप जाळोत, रोमच्या लेखी ते साधे गृहस्थ. पुढच्या वर्षी कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी त्याला खणखणीत उत्तर दिलं. लॅटिनमध्ये! आम्ही तुमचे नाही, हे ठणकावून सांगायचं तेही त्यांच्याच भाषेत. वसईच्या बाकावर मी बसून राहिले त्याचं मूळ या १८९६ च्या कागदात आहे. निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं हेन्रीच्या पदरात.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आपल्या बोलीतलं सीएनआय. अँग्लिकन आले, आजोबांच्या मिशनची मंडळी आली, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स सगळे आले. लहान बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठं झाल्याशिवाय न देणारे एका छपराखाली. बिशपांकडून दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले धर्मगुरू एकत्र कसे आणायचे, हा सर्वांत नाजूक सांधा होता. तेव्हा हात ठेवून प्रार्थना केली गेली, आणि तिने कुणाला नेमकं काय मिळालं याचा हिशेब देवावर सोडला गेला. १५५९ ची युक्ती, नागपुरी संत्र्यांच्या गावात.

आमच्या घरात त्या ऐक्याचे पडसाद निराळेच उमटले. "झालं, आम्हाला बिशप आला," आजोबा म्हणाले. "आणि आम्हाला टाळ," आजी म्हणाली. नगरच्या मंडळीबरोबर नारायण वामन टिळकांची भजनं आली, पेटी आली, उपदेशही लांबले. काही वर्षांनी आजी पोळ्या लाटताना टिळकांचं भजन गुणगुणत असायची, हे मी स्वतः ऐकलंय. आजोबा क्रूसाची खूण करताना कधी दिसले नाहीत. पण आजीची खूण पूर्ण होईपर्यंत ते बाकाबाहेर थांबायचे, आत शिरायचे नाहीत.

रमाबाईंचं म्हणाल तर त्या कुठल्याच चौकटीत राहिल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभारलं, तिथे सगळ्या पंथांच्या बायका एकत्र राबल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये वारल्या. आणि ज्या चर्चच्या बिशपांना त्या जड गेल्या, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात आज ३० एप्रिलला त्यांचं स्मरण असतं. संतांच्या रांगेत, खास कॅथलिक पद्धतीने. नावापुढे ओळख दिलीय ती मात्र 'शास्त्राच्या भाषांतरकार' अशी, ज्याहून अधिक प्रोटेस्टंट काम सापडणं कठीण. हे वाचून सिस्टर जेराल्डिन हसली असती की रमाबाई चिडल्या असत्या, कोण जाणे.

आजोबा आधी गेले. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची की नाही, हा या दोन्ही बाजूंतला जुना वाद. क्रॅन्मरच्या पहिल्या पुस्तकात ती होती, दुसऱ्यात काढली. आजोबांचं मत अर्थात दुसऱ्या पुस्तकाचं होतं. माणूस गेला की देवाच्या हाती गेला, आपण मध्ये बोलायचं नाही, असं ते शेवटच्या आजारातही बजावून सांगत होते. आजी 'हो' म्हणाली होती.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, ती मला घेऊन कबरस्तानात गेली. झेंडूची फुलं, पिशवीत मेणबत्तीचं पाकीट. वारा होता, काडी विझत होती, मी पदराचा आडोसा धरला. मेणबत्ती लागली तसं तिने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली.

"आजी, आजोबांना चालायचं नाही हे."

तिने एक डोळा उघडला.

"त्यांना कुठे म्हणायला लावतेय? मी म्हणतेय," ती म्हणाली, आणि क्रूसाची खूण करून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.